तेहतीस नंबरची जर्सी

माझ्या कपाटात एक लाल जर्सी आहे. छातीवर शिकागो ब्लॅकहॉक्सचा लोगो, पाठीवर ३३ नंबर आणि त्यावर एक लांबलचक आडनाव. इंग्रजी स्पेलिंग बघून घरी येणारा प्रत्येक जण 'बायफुग्लिएन' असं काहीतरी वाचतो. खरा उच्चार 'बफ्लिन'. डस्टिन बफ्लिन. ही जर्सी मी जून २०१०मध्ये शंभराहून जास्त डॉलर मोजून घेतली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, शॉमबर्गमध्ये दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करत होते आणि महिन्याचा हिशेब डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी किराण्यापर्यंत लिहून ठेवत होते. म्हणजे विचार करा, केवढी मोठी चैन!

जर्सी घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत बफ्लिनला टीमने अटलांटाला देऊन टाकलं.

ही गोष्ट इतकी वर्षं मी पार्ट्यांमध्ये जोक म्हणून सांगत आले. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी बाणेरच्या घरात लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडून बसले होते, तेव्हा पहिल्यांदाच तिचं हसू आलं नाही.

शीट साधी होती. माझ्या टीममधली अकरा माणसं, त्यांच्यासमोर त्यांचं वर्षाचं सीटीसी. बेरीज २ कोटी ६ लाख. क्लायंटने बजेट कापलं होतं आणि वरून निरोप आला होता की, पुढच्या तिमाहीपासून ही बेरीज दीड कोटीच्या आत हवी. एक रुपया वर नाही. नावं तू ठरव, सोमवारी कळव.

दोन स्टार होते. एक आर्किटेक्ट, ४२ लाखांचा. दुसरी डेटावाली, ३६ लाखांची. मग मधली पाच जणं, १८ ते २४ लाखांच्या दरम्यान. आणि शेवटी चार फ्रेशर, चौघं मिळून २६ लाख. गंमत बघा, आर्किटेक्टला काढलं तर आणखी एकालाच काढावं लागत होतं. म्हणजे दोन घरांचे पगार थांबणार. आर्किटेक्टला ठेवलं तर मधले तीन जायला हवे होते. गणित पाचवीतलं. पण दुपारी दोन वाजता उघडलेली शीट रात्री नऊ वाजता तशीच होती.

आता आधी शिकागोचं सांगते, नाहीतर कळणार नाही.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिरवा टर्फ आणि खडकीचा धनराज पिल्ले. मी पिंपरीची, त्यामुळे धनराज म्हणजे आमच्यासाठी घरचाच माणूस. अमेरिकेत गेल्यावर ऑफिसमध्ये कोणीतरी 'हॉकी आवडते का?' विचारलं, मी उत्साहाने 'हो!' म्हटलं आणि पाच मिनिटं आम्ही दोघं दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलत होतो. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरची. स्केट घालून सुसाट पळायचं, काचेवर एकमेकांना आपटायचं आणि मधूनच ग्लोव्ह्ज टाकून चक्क मारामारी करायची. पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा मला तो पक दिसायचाच नाही.

मला हा खेळ शिकवला तो शेजारच्या क्युबिकलमधल्या साठीच्या गृहस्थांनी. पक्के शिकागोकर. टीमने आधीचा स्टॅनले कप १९६१मध्ये जिंकला होता, तेव्हापासून हे वाट बघत होते. त्यांच्या डेस्कवर नातवंडांच्या फोटोशेजारी एक प्रिंटआउट चिकटवलेला असायचा. मला वाटलं मॅचचं टाइमटेबल असेल. बघते तर प्रत्येक खेळाडूचं नाव, पगार आणि करार संपायचं वर्ष. म्हटलं, तुम्ही फॅन आहात की अकाउंटंट? ते म्हणाले, आता दोन्ही व्हावं लागतं.

त्याचं कारण सॅलरी कॅप. पगारांवरून मालक आणि खेळाडूंचं भांडण झालं आणि २००४-०५चा एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला, एकही मॅच नाही. त्यातून तोडगा निघाला तो हा की, प्रत्येक टीमच्या पगारांच्या बेरजेला एक छत. पहिल्या वर्षी ते ३ कोटी ९० लाख डॉलर होतं. लीगची कमाई वाढेल तसं ते वर सरकतं, २०२५-२६च्या मोसमात ९ कोटी ५५ लाखांवर गेलं. पण तुमचा मालक कितीही गब्बर असला, तरी त्या छताच्या वर जाता येत नाही. दंड भरून सुटका नाही. एका खेळाडूला एकूण कॅपच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. आणि करार मोठा असला तर दर वर्षी प्रत्यक्ष किती डॉलर हातात पडले ते नाही, सगळ्या वर्षांची सरासरी कॅपमध्ये धरली जाते.

आयपीएलच्या पर्ससारखंच वाटतं ना? २०२५च्या लिलावात प्रत्येक टीमला १२० कोटी होते, त्यातच सगळं बसवायचं. पण आयपीएलमध्ये दर तीनेक वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. इथे पाटी कोरी होतच नाही. आज सही केलेला करार वर्षानुवर्षं मानेवर बसून राहतो. त्यातून सुटायचं तर दुसऱ्या टीमच्या गळ्यात तो बांधायचा आणि गोड लागावं म्हणून सोबत एखादा चांगला पोरगा फुकट द्यायचा.

मग टीम जिंकते कधी? जेव्हा तिचे स्टार अजून स्वस्त असतात तेव्हा! नव्या पोरांचा पहिला करार तीन वर्षांचा आणि पगारावर मर्यादा. २००९-१०मध्ये शिकागोचे दोन हिरे, कॅप्टन जॉनथन टोज आणि पॅट्रिक केन, त्या पहिल्या कराराच्या शेवटच्या वर्षात होते. डिफेन्समधला डंकन कीथसुद्धा जुन्या स्वस्त करारावर. डिसेंबर २००९मध्ये टीमने तिघांशी नवे करार केले. टोज आणि केन वर्षाला ६३ लाख डॉलर, कीथ साधारण ५५ लाख. लागू होणार पुढच्या मोसमापासून. त्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी प्रिंटआउटवर लाल पेनाने रेघ मारली आणि मला म्हणाले, जिंकायचं तर याच वर्षी. पुढच्या वर्षी अर्धी टीम इथे नसेल.

मला वाटलं, म्हातारा उगाच घाबरवतोय.

तो मोसम मी झपाटल्यासारखा बघितला. मला आवडला तो बफ्लिन. केन आणि टोज सगळ्यांनाच आवडायचे. बफ्लिन दांडगा, गोलमोल, कुठूनही ॲथलीट न वाटणारा. २००३च्या ड्राफ्टमध्ये २४५व्या नंबरवर निवडलेला. म्हणजे आधी २४४ पोरांना हो म्हटल्यावर कोणीतरी याच्याकडे बघितलं होतं. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये चौथ्या दिवशी सिलेक्ट झालेल्या मुलीला हे आपलं वाटणारच! प्लेऑफमध्ये तो समोरच्या गोलीच्या नाकासमोर जाऊन भिंतीसारखा उभा राहायचा. अकरा गोल केले त्याने.

९ जून २०१०ला फिलाडेल्फियात केनने ओव्हरटाइममध्ये शॉट मारला. पक नेटमध्ये कुठेतरी अडकला, कोणालाच दिसेना. केन एकटाच ग्लोव्ह्ज फेकून पळत सुटला, बाकी सगळे गोंधळून बघतायत. आम्ही बारमध्ये तसेच, तोंड उघडं. मग एकदम स्फोट झाल्यासारखा आवाज. एकोणपन्नास वर्षांनंतर कप. दोन दिवसांनी मिरवणूक. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला असते तशी गर्दी. शहराचा अंदाज वीस लाख माणसांचा. क्रिस व्हर्स्टीग नावाच्या पोराने स्टेजवर चक्क रॅप केलं. त्याच संध्याकाळी मी जर्सी घेतली.

२४ जूनला बफ्लिन, बेन ईगर आणि ब्रेंट सोपेल अटलांटाला. ३० जूनला तो रॅप करणारा व्हर्स्टीग टोरांटोला. १ जुलैला अँड्र्यू लॅड, तोही अटलांटाला. फ्रेझर, बरिश, मॅडन, सगळे पांगले. मोठ्या पगाराचा गोली क्रिस्टोबाल ह्युए पार स्वित्झर्लंडला धाडला, कारण तिथे गेला की त्याचा पगार कॅपमधून निघत होता. आणि ज्याने कप जिंकून दिला तो गोली, अँटी निएमी? लवादाने त्याला वर्षाला साडेसत्तावीस लाख डॉलर ठरवले. टीमने हात जोडले आणि तेरा लाखांत मार्टी टर्कोला आणलं. निएमी सॅन होजेला गेला. बरं, निएमीसाठी पैसे का उरले नाहीत? तर त्याच सॅन होजेने आधी निकलस यालमार्सनला चार वर्षांसाठी १ कोटी ४० लाखांची ऑफर दिली होती, आणि त्याला राखण्यासाठी शिकागोने तेवढीच मोजली होती. वर मागच्या मोसमात टोज आणि केनने जिंकलेले बोनस, चाळीस लाखांहून जास्त, तेही पुढच्या वर्षीच्या कॅपमध्ये आले. म्हणजे पोरं चांगली खेळली त्याचा हा दंड.

दहा जण गेले. एका उन्हाळ्यात.

आणि यातलं थोडं निव्वळ ढिसाळपणामुळे. आदल्या वर्षी, २००९ला, काही तरुण खेळाडूंना नव्या ऑफरची कागदपत्रं ठरल्या मुदतीत पोचलीच नाहीत. मग त्यांना गमावण्यापेक्षा घाईघाईत वाढीव पगार मान्य करावे लागले. व्हर्स्टीगला त्यातूनच वर्षाला तीस लाखांच्या वर मिळाले. नंतर त्याला काढायचं कारण काय, तर पगार जास्त!

मी खूप चिडले होते. शेजारचे गृहस्थ शांत. त्यांचं म्हणणं, कोअर ठेवा, बाकी बदलतं. खरं सांगायचं तर निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत गारद झाली, पण २०१३ला आणि २०१५ला पुन्हा कप. टोज, केन, कीथ, होसा, सीब्रुक, यालमार्सन, शार्प, हे तिन्ही वेळा होते.

माझा मात्र तोवर वेगळाच ट्रेड झाला होता. जानेवारी २०११मध्ये आमच्या क्लायंटने ऑनसाइट टीम नऊवरून पाच केली. माझा लीड, एक चेन्नईचे सर, मला पार्किंगमध्ये घेऊन गेले. बाहेर उणे पंधरा. म्हणाले, "आत सांगितलं असतं तर तुला सगळ्यांसमोरून चालत जावं लागलं असतं." मग म्हणाले, तुझ्या कामात खोट नाही, आकडा बसत नव्हता. मी गाडीत बसून अर्धा तास रडले. पण नंतर कितीदा तरी वाटलं की, त्यांनी ईमेल करता आला असता तरी थंडीत उभं राहून सांगितलं. एवढं कोण करतं?

तर त्या रविवारी एक्सेल शीटसमोर मला हे सगळं आठवत होतं, आणि मनातल्या मनात मी जनरल मॅनेजर झाले होते. कोअर ठेवा, बाकी बदलतं. माझा बॉस फोनवर वेगळ्या शब्दांत तेच म्हणाला, "स्टारला हात लावू नकोस, क्लायंट त्याला नावाने ओळखतो."

मधल्या पाचांत चोवीस लाखांवर होते काका. शेहेचाळीस वर्षांचे, म्हणून अख्खी टीम त्यांना काका म्हणायची. डिझाइन रिव्ह्यूमध्ये फारसं बोलायचे नाहीत. पण रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं की चालू होणारा पहिला फोन त्यांचा. फ्रेशर पोरं अडली की थेट त्यांच्या डेस्कपाशी. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, मुलगी बारावीला. आयटीमध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

काकांना ठेवूनही हिशेब बसत होता, हे इथे सांगितलंच पाहिजे. दुसरे तीन काढले की १ कोटी ४८ लाख. पण ते छताला टेकत होतं आणि पुढच्या अप्रेझलला हात बांधले गेले असते. काका आणि आणखी दोघं गेले की १ कोटी ४४. चार-सहा लाखांची मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेसाठी मी काकांचं नाव लिहिलं. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

सोमवारी वर नावं कळवली आणि मंगळवारी काकांना खाली टपरीवर घेऊन गेले. पार्किंग नाही, चहा. आकडा बसत नव्हता असं म्हणणारच होते, पण शब्द घशात अडकले, कारण बसत होता. मी एवढंच म्हटलं, "काका, तुमचं नाव मी दिलंय. मी." ते थोडा वेळ ग्लासकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आर्किटेक्टसाहेब राहतायत ना?" मी मान हलवली. "बरं केलंस. त्याच्याशिवाय प्रोजेक्ट चालायचं नाही." आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले. मला देऊ दिले नाहीत.

घरी आले ती जर्सी काढून बघत बसले. नवऱ्याला वाटलं, शिकागोची मॅच आहे.

आता त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो मी पार्ट्यांमध्ये कधी सांगत नव्हते. जुलै २०१४मध्ये टोज आणि केनला प्रत्येकी आठ वर्षांचे, ८ कोटी ४० लाख डॉलरचे करार मिळाले. वर्षाला एक कोटी पाच लाख प्रत्येकी. ते लागू व्हायच्या उन्हाळ्यातच ब्रँडन साड गेला, शार्प गेला, ओडुया गेला. २०१६ला ब्रायन बिकेलचा चाळीस लाखांचा करार टळावा म्हणून त्याच्यासोबत तेउवो तेरावाइनेनसारखा गुणी पोरगा कॅरोलायनाला देऊन टाकला. २०१७ला यालमार्सन. मधली फळी दर वर्षी थोडी थोडी विरत गेली. २०१६ आणि २०१७ला पहिल्याच फेरीत घरी, २०१८ला प्लेऑफच नाही. गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना टीमने नंतर परत आणलं. व्हर्स्टीग २०१३ला आला, लॅड २०१६ला, शार्प आणि ओडुया २०१७ला, साडसुद्धा. बहुतेक वेळा मोबदल्यात काहीतरी मोजून, आणि तोवर त्यातली बरीच माणसं थकलेली. बफ्लिन मात्र आला नाही. अटलांटाने आठ महिन्यांत त्याच्याशी ५२ लाख डॉलर वर्षाचा करार केला होता.

आणि २०२१मध्ये तर त्या २०१०च्या आठवणींवरच बोळा फिरला. चौकशी अहवालात आलं की ऐन प्लेऑफमध्ये टीमच्या एका तरुण खेळाडूने व्हिडिओ कोचविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती आणि कप हातात येईपर्यंत व्यवस्थापनाने ती दाबून ठेवली. जनरल मॅनेजर स्टॅन बोमनला जावं लागलं. आम्ही त्या बारमध्ये नाचत होतो तेव्हा टीमने नक्की काय जपायचं ठरवलं होतं, हे वाचल्यावर जर्सी दोन वर्षं मी माळ्यावर टाकली होती.

पण मला माझी चूक सांगायची आहे, ती वेगळी. तिकडे केनने सही केली की तो आठ वर्षं बांधला जातो. टीमही बांधली जाते, तोही. आपल्याकडे असला करार कोणाचा असतो? नव्वद दिवसांची नोटीस, आणि तेही पुढची कंपनी पैसे भरून कमी करून घेते. मी अमेरिकेतला हिशेब हिंजवडीला लावला, तोही अर्धाच. काकांना टपरीवर नेल्यानंतर पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी संध्याकाळी, आर्किटेक्टचा मेल आला. "नवी संधी." काउंटर ऑफर करायलाही जागा नव्हती, बंगळुरूच्या लोकांनी जवळजवळ दीडपट दिले होते. त्याच्यावर चिडायचा मला हक्क नाही, मी त्याच्या जागी तेच केलं असतं.

त्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री प्रॉडक्शन पडलं. चारही फ्रेशर कॉलवर, आठ डोळे माझ्याकडे. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, काकांना विचारायचं का?" कोणीच काही बोललं नाही. आम्ही सकाळी साडेसहाला कसंबसं उभं केलं.

शीटमध्ये ४२ लाखांची ओळ रिकामी झाली होती. काका मधले तीन महिने घरीच होते, मग खराडीच्या एका छोट्या कंपनीत लागले, वीस लाखांवर. रोज वाकड ते खराडी. हे मला फ्रेशर पोरांकडून कळलं, त्यांचा ग्रुप अजून चालू आहे, मी त्यात नाही.

फोन करायला मी चार दिवस घेतले. दोनदा नंबर लावून कट केला. शेवटी उचलला तेव्हा मागे ट्रॅफिकचा आवाज होता. मी म्हटलं, "काका, परत याल का?" ते थोडं थांबले. मग मुलीला कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली ते सांगितलं, फी किती ते सांगितलं, टपरीवाल्याने चहा किती रुपये केलाय ते विचारलं. मला वाटलं, विषय टाळतायत.

मग म्हणाले, "येईन. पण जुन्या पगारावर नाही. आणि या वेळी तुझी ती शीट मला आधी दाखव."

मी शीट उघडली आणि त्यांना पाठवली.